गेलेल्या माणसावरचं गाणं: पहिल्या ओळीपासून व्हिडिओपर्यंत

बाबा गेल्यानंतर दीड वर्षाने मी त्यांच्यावरचं गाणं पुरं केलं. व्हिडिओ व्हायला आणखी चार महिने लागले. त्याआधी दहा-बारा गाणी लिहून, चाली लावून, स्वतः गाऊन झाली होती, त्यामुळे हेही जमेल असं वाटलं होतं. जमलं नाही. तीनदा गाणं अर्धवट टाकलं, एकदा रेकॉर्डिंग मध्येच सोडून घरी आले, आणि आईला न विचारता एक गोष्ट केली, तिची टोचणी अजून आहे. तुमच्या घरातलं कोणी गेलं असेल आणि त्या माणसाचं गाणं करावंसं वाटत असेल, तर मी ज्या क्रमाने अडखळले तो क्रम इथे सरळ करून देते आहे.

१. आधी गाणं नको, नुसतं लिहा

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायचं. घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना, दोन्ही ज्यांनी लिहिल्या त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्त उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मी हेच केलं. घड्याळ लावायचं, १५ मिनिटं हात थांबवायचा नाही, यमक जुळवायचं नाही, आणि कोणाला दाखवायचं नाही.

हे लिखाण गाण्यात येणार नाही. पण ते आधी बाहेर पडलं नाही तर गाण्यात घुसतं. माझ्या त्या पानांवर ‘आभाळ’, ‘पोरकी’, ‘अंधार’, ‘वाट’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते कोणाच्याही बाबांबद्दल चाललं असतं.

दोन सूचना. लिहिताना झोप उडत असेल, जेवण सुटत असेल, तर वही मिटा आणि आधी समुपदेशकाशी किंवा जवळच्या माणसाशी बोला. गाणं थांबतं, त्याला घाई नसते. दुसरं म्हणजे दुःखाच्या ‘पाच अवस्थां’वर गाण्याचा आराखडा बेतू नका. पहिल्या अंतऱ्यात नकार, दुसऱ्यात राग, शेवटी स्वीकार, असा सल्ला मलाही मिळाला होता. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या अवस्था मांडल्या त्या मुळात मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं मन त्या क्रमाने चालेल असं नाही. माझं तरी चाललं नाही.

२. पन्नास बारीक गोष्टी

आता नवं पान घ्या आणि त्या माणसाच्या पन्नास गोष्टी लिहा. ‘प्रेमळ होते’, ‘कष्टाळू होती’ हे चालणार नाही. डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल असंच लिहायचं. पहिल्या वीस भराभर येतात. तिशीनंतर पेन अडतं, आणि कामाची गोष्ट बहुधा त्यापुढेच असते, म्हणून पन्नास पुऱ्या कराच.

माझी ३८वी नोंद अशी होती: ‘रात्री झोपताना दाराची कडी लावून दोनदा हलवून बघायचे. खट्-खट्. मग आतल्या खोलीकडे तोंड करून विचारायचे, कडी लावली ना ग? स्वतःच लावलेली असायची.’

हे लिहिल्यावर आठवलं, की ते गेले त्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं आणि सकाळी मी पाहिलं तर दार रात्रभर नुसतं लोटलेलं होतं. त्या दिवशी मला गाणं मिळालं.

तुमच्या पन्नासांतून एक निवडताना एवढंच बघा: ती गोष्ट तीन मिनिटांत बदलू शकते का? कडीचा प्रश्न सुरुवातीला बाबा विचारतात, शेवटी मी विचारते. शब्द तेच, विचारणारा बदलला. असा बदल जिच्यात आहे ती गोष्ट मुखड्यात ठेवा. नुसतीच सुंदर असलेली आठवण अंतऱ्यात एखाद्या ओळीपुरती पुरते. आणि गाणं त्या माणसाबद्दल असू द्या, आपल्या रडण्याबद्दल नको. ऐकणाऱ्याला तुमचे बाबा दिसले, की त्याचे त्याला आठवतात.

३. शब्द आणि चाल

इथे मी सर्वात जास्त वेळ घालवला. मुखडा असा ठरला:

कडी लावली ना ग?
लावली बाबा, झोपा.

पहिली चाल लावली तेव्हा ‘कडी’तला ‘क’ लांब स्वरावर आला. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर मी चक्क ‘काडी लावली ना ग’ गात होते. मराठीत ऱ्हस्व अक्षर ताणलं की शब्द बदलतो, आणि गाताना ते आपल्या कानाला कळत नाही, कारण मनात मूळ शब्द पक्का असतो. चाल बांधून झाली की शब्द माहीत नसलेल्या माणसाला ऐकवा आणि काय ऐकू आलं ते लिहायला सांगा. तो जिथे चुकेल तिथे चाल वाकवा. त्या माणसाच्या तोंडचं वाक्य असेल तर शब्द बदलू नका. मी ‘क’ आखूड करून ‘डी’वर ठेहराव घेतला.

ओळीच्या शेवटचं अक्षरही बघा. ‘झोपा’ हवा तेवढा लांबवता येतो. ‘झोपलात’ म्हटलं की ‘त’ दार बंद करतो. दोन्हीचा उपयोग आहे, पण कुठे काय हवं ते ठरवून करा.

ठेका मी सहा मात्रांचा दादरा घेतला, कारण तो अंगाईसारखा झुलतो. पाचव्या आणि सहाव्या मात्रेवर कडीची खट्-खट्. शेवटच्या मुखड्यात मी विचारते, ‘कडी लावली ना, बाबा?’ आणि उत्तराच्या जागी पूर्ण आवर्तन रिकामं सोडलं आहे, शेवटी फक्त ती खट्-खट्. आधी तिथे चार ओळींचा तिसरा अंतरा होता. तो माझा आवडता होता आणि तो काढल्यावरच गाणं उभं राहिलं. तुमच्या गाण्यातही जिथे सगळं समजावून सांगितलं आहे असा एक तुकडा असेल. तो काढून एकदा गाऊन बघा.

४. घरच्यांना विचारा, रेकॉर्डिंगच्या आधी

तो माणूस एकट्या तुमचा नव्हता. शब्द पक्के झाल्यावर, पैसे खर्च होण्याआधी, जवळच्या प्रत्येकाला गाणं समोर बसून ऐकवा. फोनवर पाठवू नका. माझ्या ताईला आजारपणाचा उल्लेख असलेली एक ओळ नको होती. मला ती हवी होती. आठवडाभर आमचं बोलणं तुटक होतं, मग मी ओळ काढली. आज ती ओळ मला आठवतही नाही.

विचारायच्या गोष्टी: नाव घ्यायचं का, आजार किंवा मृत्यूचं कारण सांगायचं का, फोटो आणि जुनी व्हिडिओ-क्लिप वापरायची का, त्यांचा आवाज वापरायचा का. यंत्राने त्यांच्या आवाजाची नक्कल करून दोन ओळी गाऊन घेऊ, असंही मला कोणीतरी सुचवलं. मी नाही म्हटलं. जे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही ते त्यांच्या आवाजात आईला ऐकवण्याचा मला अधिकार नाही, असं मला ठाम वाटतं.

५. पट्टी, लय, कच्चं रेकॉर्डिंग

नेहमीपेक्षा खालची पट्टी घ्या. मी काळी पाचमध्ये गाते, हे गाणं काळी चारमध्ये केलं. रडू दाटतं तेव्हा श्वासासाठी स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते आणि गिळताना ती मिटावी लागते. त्या ओढाताणीला आपण आवंढा म्हणतो. अशा वेळी माझे वरचे स्वर सगळ्यात आधी सुटतात. खालच्या पट्टीत गळा दाटला तरी सूर हाताशी राहतो.

लय ठरवण्यासाठी मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र किंवा ॲप) तीन वेगात पूर्ण गाणं फोनवर गा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. दुःखाचं गाणं हळू घेण्याकडे ओढा असतो. फार हळू घेतलं की श्वास पुरत नाही आणि प्रत्येक शब्द विनवणीसारखा वाटायला लागतो. मी शेवटी सगळ्यांत जलद लय ठेवली.

६. गायन

लागणाऱ्या वस्तू: कार्डिऑइड मायक्रोफोन (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा), पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी), ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी), कान पूर्ण झाकणारे हेडफोन, मागे टांगायला जाड रजई, पाणी, आणि कागदावर मोठ्या अक्षरात शब्द. स्टुडिओत गेलात तर शेवटच्या दोनच न्यायच्या. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. व्हिडिओचा आवाज ४८वरच असतो, म्हणजे पुढे बदलावं लागत नाही. पातळी अशी ठेवा, की सगळ्यात जोराचा स्वरही उणे १० डेसिबलच्या आसपास राहील. भावनेच्या भरात आवाज अचानक चढतो आणि एकदा फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मायक्रोफोनपासून एक वीत अंतर. जवळ गेलात की खर्ज फुगतो. ‘बाबा’तला ‘ब’ फुंकर मारतो, म्हणून तोंड थोडं तिरकं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या अंतऱ्यावर कोसळले आणि निघून आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ध्वनिमुद्रकाशी आधीच ठरवलं होतं: मी हात वर केला की रेकॉर्डिंग थांबेल, कोणी आत येणार नाही, कोणी बोलणार नाही. तीन पूर्ण टेक सलग घ्यायचे, चूक झाली तरी थांबायचं नाही, मग फक्त लागतील तिथे पंच-इन, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करणं. रडू आलं तर येऊ द्यायचं आणि नाक मोकळं होईपर्यंत गायचं नाही, कारण नाक चोंदलेलं असलं की न आणि म हे वर्ण बदलतात. अवघड ओळ आदल्या रात्री शंभर वेळा घोकू नका. ती बोथट होते आणि मग परत येत नाही.

हुंदक्याचा टेक ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. रात्री तो ऐकून वाटलं, हाच खरा. सकाळी ऐकला तर शब्दच कळत नव्हते. ठेवलेला टेक तो, ज्यात मी रडत नाही आणि ‘झोपा’ म्हणताना आवाज किंचित सपाट होतो. टेकची निवड त्याच दिवशी करूच नका.

आणि ती टोचणी. कडीचा खरा आवाज हवा म्हणून एका संध्याकाळी मी घरच्या दारासमोर रेकॉर्डर ठेवला आणि कडी हलवत बसले. खट्-खट्. पुन्हा खट्-खट्. वीसेक वेळा झालं असेल. आई आतल्या खोलीत पडली होती. तिला मी सांगितलंच नव्हतं. ती भिंतीला धरून बाहेर आली, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. मी रेकॉर्डर बंद करून तिच्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “तसं नाही वाजायचं. दुसरी खट् हलकी असायची.” मग तिने उठून मला वाजवून दाखवली. गाण्यात आहे ती तिची कडी आहे. घरातल्या वस्तूंचे आवाज घेणार असाल तर घरातल्या सगळ्यांना आधी सांगा.

७. साज आणि मिक्सिंग

वाद्यं कमी. संयोजक व्हायोलिनचा ताफा सुचवेल. शब्दांनी जे सांगितलं ते व्हायोलिनने पुन्हा सांगायची गरज असते का, ते विचारा. माझ्या गाण्यात गिटार, हार्मोनियमचा एक लांब सूर आणि कडी, एवढंच आहे.

मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामात, आवाज दाबून मोठा करू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणि ॲपल म्युझिक उणे १६वर समान करतं. त्याहून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं, आणि तुमची शांतता मात्र आधीच मेलेली असते. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वोच्च टोक, उणे १ डेसिबल ठेवा. पैसे चुकते करताना अंतिम वेव्ह फाइल, फक्त वाद्यांची आवृत्ती आणि सगळे स्टेम्स (गायन आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) मागून घ्या. नंतर मागितलं की मिळेलच असं नाही.

८. व्हिडिओ

पहिला सापळा: शब्दात जे आहे तेच चित्रात. ‘रडते’ म्हटलं की डोळ्यांत पाणी, ‘फोटो’ म्हटलं की भिंतीवरचा फोटो. माझा पहिला आराखडा तसाच होता. मग दिग्दर्शन करणाऱ्या मैत्रिणीने गाणं बंद करून फक्त प्रसंग सांगायला लावले. त्यातून एवढं उरलं: एका घरातली एक रात्र, दिवे एकेक बंद होतात, शेवटी दार. बाबांचं एकच चित्र आहे, तेही पाठमोरं.

जुने फोटो वापरणार असाल तर ते कोणी काढले ते शोधा. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा असतो, फोटोत असलेल्याचा नाही. छायाचित्रकाराकडून पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर भारतीय कायद्यात, वेगळा करार नसल्यास, हक्क साधारणपणे काढून घेणाऱ्याचा असतो; शंका असेल तर लेखी परवानगी घ्या.

चित्रीकरण फोनवरही होतं, पण चार गोष्टी सांभाळा:

– सेकंदाला २५ फ्रेमवर शूट करत असाल तर शटर १/५० सेकंद. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १/६० वापरून बघा, नाहीतर काही दिव्यांखाली चित्र थरथरतं.
– एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. नाहीतर दिवा बंद होतो तेव्हा फोन आपोआप चित्र उजळतो आणि अंधार राहतच नाही.
– बरेच फोन फ्रेमचा वेग मध्येच बदलत राहतात, म्हणून संकलनात ओठ हळूहळू गाण्याच्या मागेपुढे जातात. स्थिर वेग ठेवणारं ॲप वापरा किंवा संकलनाआधी फाइल स्थिर वेगात बदलून घ्या. माझा एक पूर्ण दिवस यात गेला.
– सेटवर वाजवायला अंतिम मिक्सच न्या, सुरुवातीला चार टिकटिक घालून. कच्च्या रेकॉर्डिंगवर ओठ हलवले तर नंतर जुळत नाहीत.

हालचाल संथ आणि ओठ मात्र गाण्याशी जुळलेले हवे असतील, तर गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्यावर गा, ५० फ्रेमवर शूट करा आणि २५वर चालवा. आधी दोन दिवस सराव लागतो. माझ्या शेवटच्या प्रसंगात हात कडीकडे जातो तो असा घेतला आहे.

खऱ्या घरात शूट करावं का? मी दुसरं घर घेतलं. कडीच्या त्या संध्याकाळनंतर आमच्या दारात दिवे आणि दहा माणसं उभी करायची माझी तयारी नव्हती. तुमचं तुम्ही ठरवा, पण घरात राहणाऱ्याचा शब्द शेवटचा असू द्या. आणि सेटवर एक माणूस असा ठेवा, ज्याला काहीच काम नाही. तुम्ही ठीक आहात का एवढंच त्याने बघायचं.

९. कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण हे अर्ध्या तासात होतं आणि न केल्यास मैत्री तुटते. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द आणि चालीचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. जवळ ठेवा:

– शब्द, चाल आणि संगीत संयोजन यांत कोणाचा किती टक्के वाटा, याचा सह्या केलेला कागद
– वादक, ध्वनिमुद्रक, छायाचित्रकार यांची लेखी संमती आणि पैसे दिल्याच्या पावत्या
– फोटो, क्लिप आणि जागेची परवानगी
– घरच्यांची संमती, साध्या मेसेजमध्ये असली तरी चालेल
– आयएसआरसी: ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. वितरक (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) सहसा देतो. व्हिडिओचा क्रमांक वेगळा असतो.

फुकट मिळणारे तयार बीट किंवा लूप वापरले असतील तर त्यांचा परवाना वाचा. तोच तुकडा दुसऱ्या कोणी आपल्या नावावर नोंदवलेला असेल तर यूट्यूबवर तुमच्या बाबांच्या गाण्यावर तो दावा करतो, आणि ते पत्र वाचणं फार वाईट असतं.

१०. प्रदर्शन

वितरकाकडे गाणं तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे ठेवायचं असेल तर निदान सात दिवस आधी त्यांच्या ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या पानावरून अर्ज करावा लागतो. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल.

तारीख पुण्यतिथीची ठेवू नका. मी ठेवणार होते, ताईने अडवलं. त्या दिवशी अपलोड अडकलं, आकडे कमी दिसले, कोणी काही टोचून लिहिलं, तर तो दिवस कायमचा खराब होतो. मी साधा मंगळवार निवडला.

पहिला आठवडा प्रतिक्रिया स्वतः वाचू नका. एका मैत्रिणीला वाचायला द्या. ती वाईट काढेल आणि बाकीच्या तुम्हाला निवांतपणे दाखवेल. चांगल्या प्रतिक्रियांचाही वेगळा भार असतो. लोक स्वतःच्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, कधी लांबलचक, कधी मध्यरात्री. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. मी रोज पाच जणांना लिहिते. एखाद्याच्या लिहिण्यातून तो जीव द्यायच्या विचारात आहे असं वाटलं, तर मात्र थांबू नका. त्याला त्याच्या भागातल्या मदतवाहिनीकडे आणि जवळच्या माणसाकडे वळवा.

सगळ्या फाइली दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक प्रत इंटरनेटवर ठेवा. त्यात कच्ची रेकॉर्डिंगं, काढून टाकलेला अंतरा, सगळं. मी आईला गाणं तिच्या फोनवर घालून दिलं, तेव्हा तिने ते पूर्ण ऐकलं आणि मग कडीचा नुसता आवाज वेगळा मागितला. दोन सेकंदांची फाइल आहे. दुसरी खट् हलकी.